शेवटची नावं संपेपर्यंत

“आज पुन्हा तोच सिनेमा?” ऑफिसला निघता निघता सुनेने, वल्लरीने विचारलं.

“तोच,” म्हणत आप्पांनी कॅसेट आत सरकवली.

सिनेमा पोलिश. खालच्या इंग्रजी ओळी वाचून होईपर्यंत पुढच्या यायच्या. तीन वर्षांपूर्वी आप्पांना बातम्या टेप करायच्या होत्या. चॅनल चुकलं आणि हा सिनेमा टेप झाला. त्यांची बायको, सुमित्राबाई हसल्या होत्या. “अहो, एक काम धड कराल तर शपथ.” त्याच वर्षी त्या गेल्या.

सिनेमातला माणूस नोकरी सोडून गावोगाव हिंडतो. भेटेल त्याला विचारतो, जगायचं कशासाठी? दोन तास तेच. आप्पा कॅसेट पुढे पळवत नसत. फीत जुनी होती, तुटली असती.

अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या त्या घरात दिवसभर दुसरा आवाज नसे. शेजारी लांबून हात हलवत. देवळात सगळ्यांचे ते काका.

मुलाला, अनीशला ते बघवेना. “आप्पा, तो माणूस डिप्रेस्ड आहे. तुम्ही पण तसेच व्हाल.”

“बरा आहे रे तो. सोबत होते.”

“शेवटी त्याला उत्तर तरी मिळतं?”

“त्याला नाही मिळत.”

“मग शेवटची नावं सुरू झाली तरी तुम्ही उठत का नाही?”

“संपू द्यावीत,” आप्पा म्हणाले.

शुक्रवारी अनीश हसतच घरात आला. हातात पाकीट.

“तुमचा सिनेमा. डीव्हीडी मागवली. एकदम क्लीन प्रिंट. आज आपण तिघं मिळून बघू.”

आप्पांनी टीव्हीखालच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. “आणि कॅसेट?”

“व्हीसीआरसकट सकाळीच कचऱ्याच्या गाडीत दिली. किती खरखर होती तिला.”

तिघांनी सिनेमा पाहिला. वल्लरीला मधे डुलकी लागली. शेवटची नावं वर सरकून गेली, पडदा काळा झाला.

“झालं, आप्पा,” अनीश उठला.

“थांब जरा.”

पडदा काळाच राहिला. बातम्या टेप करायच्या त्या दिवशी चॅनलच नाही, कॅसेटही चुकली होती. तिच्यावर नावं संपली की थोडी खरखर यायची, आणि मग पुसायचं राहून गेलेलं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं शेवटचं अर्धं मिनिट. बायका आग्रह करायच्या, आणि सुमित्राबाई लाजत उखाणा घ्यायच्या:

“बाहेर पडतो बर्फ, घरात काही कमी नाही,
दिगंबररावांना सोडून मी कुठेच जात नाही.”