बिननावाचा अर्ज

मोजणीची रेघ शांताबाईंच्या स्वयंपाकघरातून गेली.

"पूरं घरच जाईल, काकू," दीक्षा खाली बघत म्हणाली. बुजलेले तलाव पुन्हा जिवंत करणाऱ्या सरकारी पथकात ती सर्वेक्षक होती. रायपूरच्या तेलीबांध्यामागच्या या डबरीत, छोट्या तळ्यात, वीस वर्षं मलबा पडत आला होता. कुणाच्या तरी अर्जावरून तो उपसून तिथं पुन्हा पाणी, गवत, पाखरं आणायची होती. आड सात घरं येत होती.

"ज्यानं अर्ज केला, त्याच्या घराले आग लागो," शेजारचे मारोतराव म्हणाले. रेल्वेतली सगळी नोकरी संपवून त्यांनी आपलं घर बांधलं होतं, तेही त्या सातांत होतं.

शांताबाईंनी दोघांना चहा दिला.

अर्जावर नाव नव्हतं. "अर्जदारानं स्वतः येऊन तो मागं घेतला, तर हद्द घरांच्या अलीकडे घ्यायला साहेब तयार आहेत," दीक्षानं सांगितलं. मग महिनाभर ती पाऱ्यात, त्या सगळ्या वस्तीत, दारोदार फिरली. सगळीकडे एकच उत्तर, "हमको नहीं मालूम, दीदी."

संध्याकाळी ती दमून शांताबाईंच्या पायरीवर टेकायची.

"सापडला का?"

"नाही, काकू."

"राहू दे. काहून जीव आटवून राहिली?"

मार्चमध्ये जेसीबी आला. मारोतराव देवांचा फोटो मांडीवर घेऊन रस्त्यावर बसून राहिले. नंतर ते मुलाकडे बिलासपूरला गेले. पावसाळा संपायच्या आत तिथंच वारले.

शांताबाईंना नवा रायपूरमध्ये चौथ्या मजल्यावर एक खोली मिळाली. हिवाळ्यात एका रविवारी दीक्षा त्यांना स्कूटीवर बसवून डबरी दाखवायला घेऊन आली. काठाला पाणगवत उभं होतं. मधोमध पन्नासेक अडई बदकं शीळ घालत पोहत होती. जिथं स्वयंपाकघर होतं, तिथं गुडघाभर पाणी होतं.

"मलबा पडाच्या आधी असंच होतं," शांताबाई पाण्याकडे बघत म्हणाल्या.

दीक्षाचे डोळे भरून आले. "तो माणूस मले सापडला असता ना, काकू, तर आज तुम्ही सगळे आपापल्या घरी असता."

"मारोतरावबी?"

"हो."

शांताबाईंनी पदरानं तोंड पुसलं. बदकांचा थवा उठला, एक फेरी घेऊन पुन्हा पाण्यावर उतरला.

"मागं घ्याचाच असता," त्या म्हणाल्या, "तं मी लिहिला काहून असता, पोरी?"