उलटे वेढे

प्रफुलची लाल स्पोर्ट्स कार उद्या नागपूरचं गिऱ्हाईक घेऊन जाणार होतं. सायलेन्सरच्या पाइपांवर गुंडाळलेली, आच अडवणारी पट्टी जळून लोंबत होती, म्हणून शालिकराव मिस्त्री घराच्या अंगणातच गाडीखाली शिरले. पोरगा प्रफुल वारल्यापासून त्यांनी या गाडीला हात लावला नव्हता.

जुनी पट्टी उलगडताना ते थबकले. सगळे वेढे उलट्या दिशेने होते.

लहानपणी प्रफुलने डाव्या हातात पाना धरला, की शालिकराव तोच पाना त्याच्या बोटांवर हाणत. "डावऱ्या, गॅरेजात माह्यं हसं करतं काय?" मग ते समोर असले की पोरगा मुकाट उजव्या हाताने काम करायचा.

त्यांची बायको मैनाबाई बादलीत भिजवलेली नवी पट्टी वरून सोडत होत्या. पट्टी पुन्हा पुन्हा निसटत होती.

"अहो, काय करून राह्यले तुमी? आयुष्य गेलं या कामात, अन् आज एक वेढा बसत नाही. हात दुखून राह्यला का?"

शालिकरावांनी निसटलेलं टोक पुन्हा पाइपावर धरलं.



"नाही वं. डाव्या हाताची सवय नाही ना मले."