पडलेला अक्रोड

कार्पेथियन पर्वताच्या पायथ्याशी आमच्या गावात एक समजूत आहे. अक्रोडाचं झाड लावणारा माणूस त्याचं पहिलं फळ खाली पडलं की मरतो. खरं-खोटं मला ठाऊक नाही, पण आमच्याकडे अक्रोड म्हातारेच लावतात.

ओनुफ्रीच्या झाडाचा पहिला अक्रोड रविवारी सकाळी पडला. त्याने दाढी केली, लग्नातला कोट चढवला आणि मरणाऱ्याच्या हाती देतात तशी पेटती मेणबत्ती धरून तो पलंगावर आडवा झाला. दुपारपर्यंत काहीच झालं नाही.

"ऊठ, सूप निवतंय," बायको वासिलिना म्हणाली.

"मरणाऱ्याला जेवायला बोलावतेस? लाज नाही वाटत?"

"अरे म्हाताऱ्या, तू लावलेलं रोप पहिल्याच हिवाळ्यात गेलं. तू रडत बसशील म्हणून मी गुपचूप तिथेच दुसरं लावलं, थंडी सोसणाऱ्या जातीचं."

ओनुफ्री ताडकन उठून बसला. मग त्याने मेणबत्ती विझवली.

संध्याकाळी आम्ही शेजारी खांदा द्यायला गेलो, तेव्हा तो कोटासकट शिडीवर उभा राहून पडलेला अक्रोड दोऱ्याने फांदीला परत बांधत होता. शिडी धरून वासिलिना खालून ओरडत होती, "दुहेरी गाठ मार रे!"