टायरची कड

मी लायब्ररीतून आले असं सांगून घरात शिरले, की आई खाली जाऊन माझ्या मोटरसायकलच्या टायरला हात लावून यायची. टायर मधोमध गरम असला तर गप्प बसायची. कडेला गरम लागला की संपलं. सरळ रस्त्यावर टायरची कड तापत नाही, वळणावर गाडी झुकवली तरच तापते.

"लायब्ररी टेकडीवर गेली वाटतं," एवढंच म्हणायची.

हे सगळं तिला कुणी शिकवलं, देव जाणे.

गेल्या आठवड्यात थंडीत घाईने निघाले आणि पहिल्याच वळणावर घसरले. गाडीला चार ओरखडे, माझ्या पायाला प्लास्टर. आईने किल्ली काढून घेतली.

"गार टायर रस्ता धरत नाही, एवढंही कळत नाही? आधी तापू द्यायचा, मग झुकायचं."

आज मला घर खायला उठलं होतं. पलंगावरून खिडकीशी, खिडकीपासून पुन्हा पलंगावर. पाय प्लास्टरमध्ये आणि जीव रस्त्यावर. आई "दूध घेऊन येते" म्हणून गेली ती तासाभराने आली आणि माझ्याकडे न बघता स्वयंपाकघरात शिरली. दुकान तर समोरच आहे.

मी कुबडी घेऊन लंगडत खाली गेले. गाडी जागेवरच होती. टायरच्या कडेला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

वर येऊन दारातूनच म्हटलं, "आई, दुकान टेकडीवर गेलं वाटतं."