आपण परत आलो की

"प्रभो, आपण पापी आहोत. आपल्याला क्षमा कर," पाळक आस्लाकनी हात जोडून म्हटलं, आणि अंगणातल्या चटयांवर बसलेल्या बायकांनी हसू दाबायला तोंडावर शालींचे पदर घेतले.

आमेन होताच म्हातारा राइनिझाफी खाकरला. मंडळीत सगळ्यांत वडीलधारा तोच. "पाळकसाहेब, निघायच्या आदल्या दिवशीही देवाला पाप्यांच्या रांगेत आणून बसवलंतच!"

हशा पिकला. मलागासी भाषेत 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं. नॉर्वेच्या भाषेत दोन्हींना मिळून एकच शब्द. त्यापायी आस्लाकनी बारा वर्षं मादागास्करच्या या डोंगराळ मुलखात देवाला पापी ठरवलं होतं. लोकांनी ती चूक केव्हाच पोटात घातली होती.

त्यांची बायको गुनवोर मात्र कधी चुकत नसे. तिनं ही भाषा पुस्तकातून घेतलीच नव्हती. स्वयंपाकघरात आया रानुरुच्या शेजारी उकिडवं बसून, तांदूळ निवडता निवडता उचलली होती. इतर वेळी या हशात तिचाच आवाज मोठा असायचा. आज ती मान खाली घालून चटईच्या काड्या उपटत होती. उद्या आगगाडी, मग बोट, मग वर्षभराची मायदेशाची रजा. ट्रंका व्हरांड्यात बांधून तयार होत्या. रजा संपली की परत यायचं ते दोघांनीच, नऊ वर्षांच्या तोराला तिकडेच मिशनच्या वसतिगृहात शाळेसाठी ठेवायचं, हे कधीचं ठरलं होतं. मिशनमधल्या सगळ्यांची मुलं अशीच राहिली होती. फक्त तोराला सांगायचं राहिलं होतं. आज सांगते, उद्या सांगते करता करता ही संध्याकाळ आली.

याच अंगणात तोरा पहिलं पाऊल टाकून थेट कोंबड्यांच्या मागे लागली होती. गुनवोरनं पहिलं वर्ष इथे बर्फाच्या आठवणीनं रडून काढलं. आता बर्फ आठवायला गेलं, तरी नाकात भरायचा तो लाल मातीचा आणि करपलेल्या भाताचा वास.

राइनिझाफी उठला. "माझ्याहून थोर माणसं इथे बसली असताना मी तोंड उघडतो, क्षमा असावी," अशी त्यानं रीतसर सुरुवात केली. त्याच्याहून थोर तिथे कुणीच नव्हतं. तो मनसोक्त बोलला आणि शेवटी गुनवोरच्या खांद्यांवर एक रेशमी शाल पांघरून म्हणाला, "उत्तर मादामनी द्यावं. पाळकसाहेब बोलले तर अख्ख्या गावाला बोटीत चढवतील."

गुनवोर उभी राहिली. तिनंही आधी थोरांची क्षमा मागितली. पुढचं सगळं तिनं पाठ केलं होतं, पण शालीचा काठ हातात आला आणि पाठ केलेलं कुठल्या कुठे गेलं. "मला जावंसं वाटत नाही," ती एवढंच म्हणाली आणि बसली. बायकांनी डोळे पुसले. याहून चांगलं भाषण त्या गावात फारसं झालं नव्हतं.

रानुरु किटली घेऊन आली आणि करपलेल्या भातात उकळलेलं पाणी सगळ्यांच्या मगांत ओतू लागली. तेवढ्यात तोरा एक काळी कोंबडी काखोटीला मारून धावत आली.

"आई, वाटेत खायला दिलेली ही कोंबडी मी नाही कापू देणार. नेनी सांभाळेन म्हणते." रानुरुला ती नेनी म्हणायची. तिथे आईला नेनीच म्हणतात. "हिला पिल्लं झाली तर ती कुणाची गं? माझी की नेनीची?"

"राहू दे तिच्याकडेच," गुनवोरही मलागासीतच म्हणाली. तिचं अर्धं लक्ष ट्रंकांकडे होतं. "आम्ही परत आलो की बघू."

"'आपण' परत आलो की!" तोरा खिदळली. "ऐकलंत का? आईपण चुकली!"

तिनं सगळ्यांकडे पाहिलं. कुणीच हसलं नाही. रानुरुच्या हातातली किटली तशीच राहिली. राइनिझाफी आपल्या मगात बघू लागला. मादाम चुकत नाहीत हे त्या अंगणात सगळ्यांना ठाऊक होतं. तोरालाही.

"आई?"

अजून वेळ गेलेली नाही, असं गुनवोरला वाटलं. चुकले गं, म्हणावं. निदान आजची रात्र तरी पोरीला सुखानं झोपू द्यावं. पण इतक्या जणांसमोर, या भाषेत, तिला ते खोटं बोलता येईना.

"तिकडची शाळा फार छान आहे, तोरा," ती नॉर्वेच्या भाषेत म्हणाली. "तुझ्या वयाच्या खूप मुली असतात. सुट्टीत आजी न्यायला येईल..."

"आणि तुम्ही?" तोरानं मलागासीतच विचारलं.

"आपण पत्रं लिहू की एकमेकांना," आस्लाक घाईघाईनं मध्ये पडले. या खेपेला त्यांचा शब्द अगदी बरोबर होता, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

तोरा रडली नाही. गुनवोरनं हात पुढे केला, तो तिनं पाहिला न पाहिल्यासारखा केला. कोंबडी दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती रानुरुजवळ गेली आणि तिला अगदी खेटून उभी राहिली. रानुरुनं किटली खाली ठेवली, मादामकडे एकदा पाहिलं आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुम्ही बसा," तोरा आईबाबांना म्हणाली. घरी आलेल्या पाहुण्यांना सांगतात तसं. "आम्ही आत जातो."