जाळीतल्या धापा

करवंदीच्या जाळीतून धापा ऐकू आल्या आणि मी बंदूक खांद्याला लावली. तीन डोंगर चढून गुडघे थरथरत होते. पण वाटेत जो बसेल त्याला पुढच्या पारधीला न्यायचं नाही, हा आमच्या म्होरक्याचा, धाकूदादाचा नियम.

"मास्तर, जाळी हलतेय! घाला बार!" रान उठवणारे खालून ओरडले.

बार काढण्याआधी हाळी द्यायची आमची जुनी रीत. डुक्कर पळतं म्हणून हल्ली कुणी देत नाही. पण माझ्या कानांवर माझाच भरवसा नव्हता. मी हाळी दिली.

"मारू नका, मी आहे," जाळीत बसलेला धाकूदादा कुजबुजला. "दम लागला हो. कुणाला सांगू नका."

"डुक्कर निसटलं!" मी खाली ओरडलो.

खालून शिव्या आल्या.

"दादा, सरक थोडा," म्हणत मीही जाळीत शिरलो.