कोरं पान

पान पुन्हा कोरंच आलं. फिटरनं माउस टेबलावर आपटला.

"त्याला मारून काय होणार, बाबा?" मुलगी म्हणाली. "राहू द्या. मी माझ्या फोनवर वाचून दाखवते."

"नको. मी स्वतः वाचणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांना डॉक्टरांकडे जायचं होतं. फिटरची बायको गेली त्याला वर्ष व्हायला आलं होतं. आता डॉक्टर म्हणत होते, हा आजार आईकडून लेकीकडे येऊ शकतो, मुलीची तपासणी करून घ्या. त्यांनी आजाराची माहिती असलेलं एक पान दोघांना पाठवलं होतं. वाचा आणि ठरवून या, म्हणाले होते. मुलीला एकटीनं ते उघडायचा धीर होत नव्हता. फिटरचं मात्र आधीच ठरलं होतं. कशाला उगाच सुया टोचून घ्यायच्या? तुझ्या आईचा तर साधा प्रकार होता, औषधानं बरा होणारा. मधेच तब्येत उलटली, त्याला कोण काय करणार? हे तो इतक्यांदा बोलला होता की मुलगीही आता मान डोलवायला लागली होती. पान एकदा नजरेखालून घातलं की विषय संपला.

पण ते उघडेल तर ना. बातम्या उघडत होत्या. हवामान उघडत होतं. हे एक पान तेवढं पांढरंफटक.

"एखादं ॲड-ऑन अडवत असेल," मुलगी म्हणाली. "ब्राउझरला वरून जोडलेले छोटे पुरजे असतात. ते काढून बघा."

हे फिटरला पटलं. त्याचा जन्म यंत्रं दुरुस्त करण्यात गेला होता. बिघाड सापडेना तर जोडलेलं एकेक काढायचं आणि चालवून बघायचं. त्यानं पहिलं ॲड-ऑन काढलं. पडद्यावर सूचना आली, बदल लागू होण्यासाठी ब्राउझर बंद करून पुन्हा सुरू करा. त्यानं बंद केला, सुरू केला. ॲड-ऑन परत जागेवर. दुसरं काढलं. तेही परत आलं. तिसऱ्याच्या वेळी त्याच्या कपाळाची शीर उडायला लागली.

"नट काढून खिशात घालावा आणि वळून बघावं तर पुन्हा बोल्टवर," तो म्हणाला. "आमच्या कारखान्यात असलं यंत्र भंगारात घातलं असतं."

"आईला सांगायला हवं होतं. तिचीच करणी आहे."

ते खरं होतं. घरच्या कम्प्युटरवर बायकोचं ऑफिसचं काम असायचं, आणि फिटर दिसेल ते बटण दाबायचा. म्हणून तिनं त्याच्यासाठी पेन ड्राइव्हवर वेगळा ब्राउझर करून दिला होता, आणि तो सँडबॉक्समध्ये चालेल असा लावला होता. सँडबॉक्स म्हणजे कम्प्युटरच्या आतला बंद खोका. "अहो, आत कितीही धिंगाणा घाला," ती म्हणायची. "बंद केलं की सगळं पुसून पहिल्यासारखं."

"म्हणजे सुरू करण्यासाठी बंद करा, आणि बंद केलं की पुसा," फिटर म्हणाला. "शाबास."

"मग खोक्याबाहेर चालवू. तिथे काढलेलं काढलेलंच राहील."

"तुझी आई नको म्हणायची. बाहेर चालवायचा नाही, अशी ताकीदच होती."

"का?"

"का म्हणजे? मी घाण करीन म्हणून." त्यानं चष्मा काढून डोळे चोळले. "तिच्या आजारपणातही या डबड्यानं असाच जीव खाल्ला. डॉक्टरांचं बोलणं अर्धं डोक्यावरून जायचं. घरी येऊन माहिती काढायला बसलो की पान कोरं. मग तीच म्हणायची, उठा तिथून, मी फोनवर बघते. पलंगावर बसून सावकाश वाचून दाखवायची. हलका प्रकार आहे, औषध घेतलं की बहुतेक लोक बरे होतात. वाचून झालं की फोन उशीवर पालथा ठेवायची आणि म्हणायची, झालं समाधान? आता चहा टाका." त्यानं चष्मा पुन्हा चढवला. "या वेळी मला कुणी वाचून दाखवायचं नाही. माझं मी वाचणार."

मुलीनं खुर्ची ओढली, ब्राउझर बंद केला आणि पेन ड्राइव्हवरून थेट उघडला, खोक्याबाहेर. मग एकेका ॲड-ऑनच्या आत शिरून बघू लागली. चौथ्यावर थांबली.

"हे आहे. लहान मुलांसाठी असतं हे. यात शब्द लिहून ठेवायचा. तो शब्द ज्या पानावर असेल, ते पान कोरं येतं."

"मग? कुठले शब्द घातलेत?"

मुलीनं पडदा त्याच्याकडे वळवला.

एकच शब्द होता. बायकोच्या आजाराचं नाव.

फिटर बघत राहिला. हात गुडघ्यांवर तसेच पडले होते. इतके महिने त्यानं या यंत्राला शिव्या घातल्या होत्या. यंत्रात बिघाड नव्हताच. ते सांगितलेलं काम चोख करत होतं.

"काढू का?" मुलीनं विचारलं.

त्यानं माउस तिच्या हातातून घेतला आणि तो शब्द न काढताच ब्राउझर बंद केला.

"राहू दे तिचं," तो म्हणाला. "तू फोन काढ आणि वाच. पण जे लिहिलंय तेच वाच."